पॅरिसच्या वेशीबाहेरचा बाजार

पॅरिसच्या उत्तर वेशीला लागून असलेल्या सॅंतुआंच्या जुन्या बाजारात फर्निचर शोधत फिरणाऱ्या परदेशी पाहुण्याला वाटते, की हा पसारा आपोआप वाढत गेला असावा. प्रत्यक्षात हा बाजार सरकारी हुकमांनी घडवला आहे. १८८३ च्या अखेरीस प्रिफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले प्रशासक, यूजेन पूबेल यांनी फर्मान काढले, की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंच्या कचऱ्यासाठी झाकणाचा डबा ठेवावा. तोवर हा कचरा रात्री रस्त्यावर ओतला जाई आणि चिंध्या वेचणारे लोक कंदील, आकडा आणि पाठीवरची टोपली घेऊन त्यातून कागद-गिरणीसाठी चिंध्या, गुंड्यांसाठी हाडे, शिवाय काच नि लोखंड निवडत. डब्याने त्यांच्या पोटावरच पाय आणला. यावर कोणी म्हणेल, की आधीचे प्रिफेक्ट ओस्मान यांनी शहराची पाडापाडी केली तेव्हाच हे लोक शहराच्या तटाबाहेर फेकले गेले होते, मग दोष एकट्या डब्याला का? आक्षेप खरा आहे. पण पाडापाडीने त्यांचे घर गेले होते, डब्याने धंदा अडचणीत आला आणि हाती लागेल ते स्वतःच विकणे अधिक गरजेचे झाले. तटाबाहेरची जागाही कायद्यानेच मोकळी ठेवलेली होती, कारण तोफांच्या माऱ्याआड येईल असे पक्के बांधकाम तिथे करायला बंदी होती. त्यात शहरात येणाऱ्या मालावर जकात, म्हणून वेशीबाहेर दारू स्वस्त. रविवारी ती प्यायला येणारे पॅरिसकर हेच पहिले गिऱ्हाईक. पुढे १९०८ मध्ये मेट्रो बाजाराजवळच्या क्लिन्यांकूर वेशीपर्यंत आली आणि १९२० मध्ये वेर्नेझों नावाच्या जमीनमालकाने आपल्या जागेत लाकडी गाळे बांधून भाड्याने दिले.

आता फर्निचर. कचऱ्याच्या ढिगात राजेशाही खुर्ची सापडत नाही, ती बाजारात पोचली त्यामागेही सत्तेचेच निर्णय आहेत. फ्रेंच क्रांतीनंतरच्या सरकारने ऑगस्ट १७९३ पासून वर्षभर व्हर्सायच्या राजवाड्यातील सामान लिलावात काढले. १७ हजारांहून अधिक लॉट विकले गेले आणि ते फर्निचर घडवणाऱ्यांचे काम देशोदेशी पांगले. ते काम ओळखण्याची खूणही नियमानेच दिली: त्याआधी, अठराव्या शतकाच्या मध्यापासून, पॅरिसच्या सुतार-संघाच्या उस्तादांना आपल्या कामावर नावाचा लोखंडी ठसा मारणे सक्तीचे होते. खुर्ची उलटी केली, की बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला तो लाकडात रुतलेला दिसतो, कधी शेजारी संघाच्या तपासनिसांची ‘जे एम ई’ ही अक्षरेही असतात. १७९१ मध्ये संघ बरखास्त झाले आणि सक्ती संपली. मात्र ठसा नसणे म्हणजे खोटेपणा नव्हे, कारण राजाच्या थेट सेवेतल्या कारागिरांना त्यातून सूट होती. आणि ठसा असणे म्हणजे खरेपणाही नव्हे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या फोबूर सॅंतांत्वान भागातल्या कारखान्यांतून पंधराव्या लुईच्या थाटाच्या असंख्य नकला निघाल्या, आणि खोटा ठसा पाडणे सुताराला मुळीच अवघड नाही.

मग कायद्याचा उपयोग काय, असे विचारता येईल. खुद्द व्हर्सायने विकत घेतलेल्या खुर्च्या बनावट असल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. जिथे तज्ज्ञ फसतात तिथे सुटीवर आलेल्या पाहुण्याची काय कथा! पण फसवणूक कोणत्याही नियमाने थांबत नाही, नियम जबाबदारी ठरवतो, आणि परक्या देशात गिऱ्हाइकाला तीच हवी असते. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच आदेशानुसार विक्रेत्याने पावतीवर वस्तू ‘पंधराव्या लुईच्या काळातली’ असे लिहिले, तर त्या काळाची हमी त्याने दिली असे धरले जाते. ‘पंधराव्या लुईच्या शैलीतली’ असे लिहिले, तर तशी हमी नसते. त्यामुळे भाव करण्याआधी खुर्ची उलटी करून पाहावी, आणि पैसे मोजण्याआधी या दोन शब्दांपैकी कोणता लिहून मिळतो ते पाहावे. तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणे फार कठीण जाते.