अंगणातली शाळा : एका विसरलेल्या विचाराचा मागोवा

वर्धमानकुमारांच्या बाललीलांमध्ये आमलकी क्रीडेची कथा आपण पाठशाळेत ऐकलेली असते. सवंगड्यांसह वृक्षावर चढण्याचा खेळ चालला असता सर्परूपाने परीक्षा पाहावयास आलेल्या देवासमोर बालक वर्धमान निर्भय राहिले, ही ती कथा. निर्भयतेचा पाठ म्हणून ती सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हा पाठ घडला तो राजवाड्याच्या दालनात नव्हे, उघड्यावर, झाडाखाली, खेळता खेळता, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

लहान मुलाच्या शिक्षणात मोकळ्या जागेला स्थान देण्याचा प्रयत्न आधुनिक काळात प्रथम युरोपात झाला. जर्मनीत फ्रोबेल यांनी 1840 मध्ये आपल्या शाळेला ‘बालोद्यान’ या अर्थाचे नाव दिले. रोममध्ये मारिया माँटेसोरी यांनी 1907 साली बालगृह सुरू केले. आपल्याकडे हे वारे आले ते भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये तेथे दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले आणि 1922 साली टेकडीवरील त्याच्या वास्तूचे उद्घाटन कस्तुरबांच्या हस्ते झाले. मारावयाचे नाही, भीती घालावयाची नाही, हा त्यांचा आग्रह होता. गुजराती वाचणाऱ्या आपल्यातील अनेक कुटुंबांना गिजुभाईंचे नाव ‘मूछाळी मा’ म्हणून परिचित आहे.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, 1892 चा. विवाहानंतर काही काळ त्या अमरावतीस राहिल्या, म्हणून विदर्भाचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे असे मानण्यास हरकत नसावी. भावनगरचा अनुभव घेऊन त्या महाराष्ट्रात आल्या आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. पण शहरातील बालमंदिरे सुखवस्तू घरांपुरती राहतात, साधनांचा खर्च खेड्याला झेपत नाही, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. या कामात त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. तेराव्या वर्षी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य आणि पुढे जिद्दीने घेतलेले शिक्षण, असे त्यांचे पूर्वायुष्य होते.

खरा प्रश्न पुढेच होता. बालवाडी उघडली तरी पाड्यावरची मुले येईनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या अंगावर धड कपडा नाही. तेव्हा या दोघींनी शाळाच मुलांच्या दारी नेली. पाड्यावर जावे, मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावेत, मग तेथेच अंगणात गाणी, गोष्टी आणि खेळ. भारी साधनांच्या जागी बिया, शंख, दगड, पाने, बांबू आणि माती. हीच अंगणवाडी. 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जिथे चरतात तिथेच शिक्षक जाऊन बसू लागले. आपल्याकडील गावाच्या आखरावर वर्ग भरला, अशी कल्पना केली म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. ताराबाई 1973 मध्येच निवर्तल्या होत्या. हे त्यांना पाहता आले नाही. शब्द देशभर गेला, परंतु वाटेत त्यातले अंगण हरवले. आज अंगणवाडी म्हटले की पुष्कळदा एक खोली डोळ्यांपुढे येते. देवरी, सालेकसा यांसारख्या वनालगतच्या तालुक्यांत तर भोवती झाडी, बोड्या, धानाच्या बांध्या आणि घरोघरी सांदवाडी असते. तेथे मूल चार भिंतींत बसून फळ्यावरचे झाड पाहते, हे विचित्र खरे.

येथे आपल्या समाजापुरती एक शंका उपस्थित होते आणि ती टाळणे बरोबर नाही. माती, पाणी, वनस्पती हे सारे सजीव मानणाऱ्या आपण मुलांना त्यांच्याशी खेळू द्यावे काय? भगवतीसूत्रात अतिमुक्तक या बालमुनींची कथा आहे. पावसाच्या पाण्याला मातीची पाळ घालून त्यांनी आपले पात्र नावेप्रमाणे तरंगविले. स्थविरांना ते रुचले नाही. भगवंतांनी मात्र या बालमुनीची अवहेलना करू नका असे सांगितले आणि तो याच भवात मुक्त होईल असेही सांगितले. परंपरा पुढे असे सांगते की, इरियावहीतील पाणी व माती यांच्या उल्लेखापाशी येताच पश्चात्तापाने त्यांना केवलज्ञान झाले. ही कथा खेळाचे समर्थन आहे असे मी म्हणणार नाही; मुनीची मर्यादा वेगळी असते. पण मातीला कधी हात न लागलेल्या मुलाच्या मनात त्या शब्दांनी काय जागे होणार?

श्रावकाच्या अणुव्रतात स्थावर जीवांची हिंसा सर्वस्वी टाळणे अपेक्षित नाही. निष्कारण हिंसा मात्र टाळावयाची आहे. त्यामुळे जयणा राखून अंगण रचता येते. वाळू चाळून, कोरडी ठेवून घालावी. पाणी गाळलेले, एका घागरीपुरते असावे. मुंग्यांची वाट असेल तेथे खड्डा करू नये, मुलांना ती वाट दाखवावी. कडुनिंब, करंज यांची सावली असावी, कारण आपल्या उन्हाळ्यात लोखंडी घसरगुंडी सकाळी नऊनंतर पोळू लागते. झाडाला बांधलेला दोर, चिंचोके, सागरगोटे आणि लगोरीच्या ठिकऱ्या, एवढ्यावर पुष्कळ भागते.

सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने बांधकामाच्या योजना निघणे स्वाभाविक आहे. खोली बांधली की दात्याच्या नावाची पाटी लावता येते. मोकळ्या मातीवर पाटी लावण्यास भिंत नसते, हीच तिची अडचण. आवारात आज जी थोडी उघडी जमीन आहे तिच्यावर फरशी घालण्यापूर्वी विश्वस्तांनी एका सकाळी, सात ते नऊ या वेळात, लहान मुलांना तेथे सोडून पाहावे आणि ती कोणत्या कोपऱ्यात जमतात एवढेच टिपून ठेवावे.