केटीचे कूळ

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या निकालाच्या गॅझेटात पानाखाली बारीक अक्षरांत चिन्हांचे अर्थ छापलेले असायचे. हॅशचे चिन्ह म्हणजे ओ. (ऑर्डिनन्स) २२९-ए, खेळ किंवा एनएसएसबद्दलचे वाढीव गुण. 'ॲट'चे चिन्ह म्हणजे ओ. ५०४२-ए, पास होण्यापुरते ग्रेस. यातले काहीच ज्याच्या मदतीला आले नाही, त्याला केटी. 'केटी लागली', 'केटी सुटली', 'एम-थ्रीची (तिसऱ्या गणिताची) एकच राहिलीये' ही वाक्ये मुंबई-ठाण्याच्या घरांत दोन पिढ्या तरी ऐकू येत आहेत. पुण्यात तिलाच 'बॅक' म्हणतात, आणि वर्षच गेले तर 'वायडी', म्हणजे इयर डाउन.

केटी हे एटीकेटीचे तोकडे रूप. एटीकेटीचे पूर्ण रूप 'अलाउड टु कीप टर्म्स', म्हणजे पुढच्या टर्म भरायला परवानगी. आपण बोलताना सगळा भर नापास होण्यावर देतो. नियमाचा भर मात्र परवानगीवर आहे, आणि त्या परवानगीचे कूळ बरेच जुने आहे.

ऑक्सफर्ड-केंब्रिजला पदवीसाठी परीक्षा होतीच, पण मुलगा गुरुजनांच्या आणि सोबत्यांच्या संगतीत पुरेसे दिवस राहिला का, हाही स्वतंत्र प्रश्न होता. तो आजही आहे. ऑक्सफर्डला एका टर्ममध्ये ४२ रात्री कारफॅक्सच्या मनोऱ्यापासून सहा मैलांच्या आत काढाव्या लागतात. केंब्रिजला मायकलमस टर्मच्या ५९ रात्री ग्रेट सेंट मेरी चर्चपासून तीन मैलांच्या आत. एवढ्या रात्री भरल्या की ती टर्म 'राखली' गेली. अशा नऊ टर्म झाल्याशिवाय सहसा केंब्रिजची बी.ए. मिळत नाही, मग अभ्यासात कितीही गती असो.

लंडनच्या बॅरिस्टरीत हीच गोष्ट रात्रींऐवजी जेवणांवर मोजत. गांधीजी १८८८ ते १८९१ या काळात इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेत होते, आणि आत्मकथेत त्यांनी हे सगळे नोंदवून ठेवले आहे. बारा टर्म राखायच्या, म्हणजे सुमारे तीन वर्षे. टर्म राखायची म्हणजे तिथल्या साधारण चोवीस जेवणांपैकी निदान सहांना हजर राहायचे. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी वाइनला शिवत नसत, त्यामुळे चौथा गडी म्हणून त्यांना मोठी मागणी असे! या प्रथेमागचे कारणही त्यांनी सांगितले आहे. पूर्वी विद्यार्थी थोडे होते, तेव्हा जेवताना ज्येष्ठ वकिलांशी बोलणे होई आणि त्यातून जगाचे ज्ञान मिळे. त्यांच्या वेळेपर्यंत ज्येष्ठांचे टेबल वेगळे झाले होते, तरी जेवणांची मोजणी चालूच होती. हजेरीच्या प्रत्येक नियमाचे पुढे हेच होते. जे साधायचे ते मोजता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारचे काहीतरी मोजायला घेतात, आणि मूळ हेतू निघून गेला तरी मोजणी मागे उरते.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे विद्यापीठ शिकवणार नाही. फक्त परीक्षा घेईल आणि पदवी देईल. सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतही नव्हती, कारभार टाउन हॉलमधून चाले. खुद्द लंडनने १८५८च्या नव्या सनदेने कॉलेजात गेल्याची अटच जवळजवळ काढून टाकली. कुठेही शिका, परीक्षेला बसा. मुंबईने मात्र ही अट सोडली नाही. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चार पदवीधर झाले, ते एल्फिन्स्टन कॉलेजातून. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाने मुलाला वर्षभर पाहिलेले नसते. तो खरोखर शिकायला येत होता, हे त्याला कॉलेजच सांगू शकते. म्हणून टर्म भरल्याचा प्रिन्सिपॉलांचा दाखला आला.

तो दाखला अजून जिवंत आहे. प्रॅक्टिकलच्या कुठल्याही जर्नलचे पहिले पान उघडून बघा: अमुक रोल नंबरच्या विद्यार्थ्याने या टर्ममधले काम समाधानकारकपणे पुरे केले आहे, खाली शिक्षक, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्या सह्यांच्या जागा, आणि कोपऱ्यात कॉलेजचा शिक्का. सबमिशनच्या आठवड्यात त्या तीन सह्यांसाठी स्टाफरूमबाहेर रांग लागते ती यासाठीच. 'टर्मवर्क'चे गुण हे तिथे काम केल्याचे गुण आहेत. परीक्षेचा पेपर ते देऊ शकत नाही. ७५ टक्के हजेरीची अट, तिचा हवाला देऊन लागणारी डिफॉल्टर लिस्ट, आजारपणाची सर्टिफिकेटे ही त्याच दाखल्याची धाकटी भावंडे.

एकदा राखलेली टर्म खात्यावर राहते, हा या व्यवस्थेतला मोठा गुण. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडनला आले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन आणि पदवीसाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्हीकडे त्यांनी नाव घातले. पुढच्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि परतावे लागले. निघताना चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, काही उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले. १९२१ला एम.एस्सी., १९२२ला बॅरिस्टर, १९२३ला डी.एस्सी. ती परवानगी नसती तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले असते.

आपल्याकडे नापासांना अशी सवलत सुरुवातीला नव्हती. एका विषयात गेला की पूर्ण परीक्षा पुन्हा द्यायची आणि वर्ष फुकट. गरीब घरातल्या मुलाचे शिक्षण बहुतेक तिथेच थांबे, कारण दुसऱ्या वर्षाची खानावळ आणि फी परवडणार कोणाला? सुटलेल्या विषयांना सूट देण्याची सोय आली, ऑक्टोबरच्या परीक्षा आल्या, आणि त्याच वाटेवर एटीकेटी आली. सेमिस्टर पद्धतीत साधारण सूत्र असे: पहिल्या वर्षाचे मोजके विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात बसता येते, तिसऱ्यात जायला पहिले वर्ष पूर्ण सुटलेले हवे, आणि सगळे सुटेपर्यंत शेवटचा निकाल रोखून ठेवतात.

हा नियम मला आपल्या विद्यापीठांनी केलेल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटतो. शिकायला येणे आणि परीक्षा पास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक फसली म्हणून दुसरीचा हक्क जात नाही, हे त्याने मान्य केले. घराघरांत केटीची जी लाज बाळगली जाते, ती या इतिहासाला धरून नाही. नव्या शैक्षणिक धोरणातले क्रेडिट बँकेचे खाते, मध्येच शिक्षण सोडून तीन वर्षांच्या आत परतण्याची आणि सात वर्षांत पदवी पुरी करण्याची मुभा हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे.

पण एक भोक राहून गेले आहे. केटीवाल्याला पुढच्या वर्गात बसायला मिळते. राहिलेला विषय मात्र त्याला पुन्हा कोणी शिकवत नाही. खालच्या मजल्यावर पहिल्या वर्षाला तोच विषय चालू असतो, त्याच वेळी वरच्या मजल्यावर याचे लेक्चर असते. तो केटीचा फॉर्म भरतो, फी भरतो, सिनिअरच्या नोट्स घेतो आणि एकटा परीक्षेला जातो. ज्या विषयात त्याला शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्याच विषयापुरता तो १८५८च्या लंडनचा बहिःस्थ परीक्षार्थी होऊन बसतो. यूजीसीच्या २०२२च्या पदवी-अभ्यासक्रमाच्या आराखड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांची जादा टर्म ठेवण्याची तरतूद आहे, आणि राहिलेले विषय पुरे करायला ती वापरता येईल असे त्यात म्हटले आहे. शिक्षक आणि विद्यार्थी किती, हे पाहून तिच्यात कोणते विषय ठेवायचे ते प्रत्येक संस्थेने ठरवायचे आहे. निदान गणितापुरती तरी ती प्रत्येक कॉलेजने येत्या मे महिन्यात ठेवावी, आणि मुलांनी ती हक्काने मागावी.