टाकीखालचा इतिहास

मोटारसायकलची टाकी उतरवणे हा काही वाङ्मयीन विषय नव्हे, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. आम्हांला तो तसा वाटतो, आणि त्याचे पहिले कारण शब्दाचेच आहे. इंग्रजीतील 'टँक' हा शब्द मुळात आपल्याकडून गेला असावा, असे कोशकार मानतात. गुजरातीतील 'टांकुं' किंवा मराठीतील 'टाके' हे त्याचे मूळ. पोर्तुगीज शब्दाची त्यात थोडी सरमिसळ झाली असावी. गडावर खडकात खोदलेल्या पाण्याच्या साठ्याचे नाव परदेशी गेले आणि पुढे पेट्रोलच्या पत्र्याच्या भांड्याला लागले. 'टाकी' म्हणताना कोणाही मेकॅनिकला परका शब्द वापरल्यासारखे वाटत नाही.

आरंभीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन जोडलेल्या सायकलीच होत्या. सांगाड्याच्या वरच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये चपटी, अरुंद टाकी बसवलेली असे. तिच्यातच पेट्रोलचा एक कप्पा आणि तेलाचा दुसरा. चालत्या गाडीवर बसल्या बसल्या स्वाराने हातपंप दाबून इंजिनाला तेल पुरवायचे. पहिल्या महायुद्धात निरोप्यांनी वापरलेली ट्रायम्फची 'मॉडेल एच' ही याच घडणीची. १९२० च्या दशकात ही रीत बदलली. घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकावे तशी सांगाड्याच्या नळीवर दोन्ही अंगांनी उतरणारी टाकी आली आणि दशक संपेतो बहुतेक ब्रिटिश कारखान्यांनी ती स्वीकारली. आज आपण जिला मोटारसायकलचा 'चेहरा' समजतो, तो हा.

टाकी इतक्या उंचावर का? उत्तर साधे आहे: पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्बोरेटरमध्ये उतरावे म्हणून. पंप नको, वीज नको. या एका सोयीमुळे टाकी इंजिनाच्या माथ्यावर छपरासारखी बसली आणि इंजिनाचे काहीही मोठे काम काढायचे तर आधी छप्पर उतरवणे आले. त्या काळी सिलिंडरच्या डोक्यात साचलेली काजळी ठरावीक अंतरानंतर खरवडून काढावी लागे. हे नित्याचेच काम होते, आणि त्याची पहिली पायरी बहुधा हीच.

कृती थोडक्यात अशी. कॉक बंद करायचा, पेट्रोलची नळी ओढून काढायची, सीट उतरवायची, मग पुढचे-मागचे बोल्ट सैल करायचे. १० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे साडेसात किलो भरते. म्हणून ते आधी काढून घेतलेले बरे. टाकी मागून उचलून मागेच सरकवायची. खालचे रबर आणि वायसर जपून ठेवायचे, नाहीतर पुढे पत्रा सांगाड्यावर घासून फाटतो. हे सारे मोकळ्या हवेत करावे, जवळपास बिडी नको; रिकामी टाकी भरलेलीपेक्षा अधिक घातक, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. खोगिरी टाकीची आणखी एक गंमत आहे. दोन्ही अंगांना पेट्रोल साचते, पण कॉक बऱ्याचदा एकाच अंगाला. पेट्रोल संपले की गाडी कॉकाच्या बाजूला आडवी करून पलीकडचे चार घोट अलीकडे आणणारे स्वार आपण सर्वांनी पाहिले आहेत.

भारतात या विद्येला दीर्घ आयुष्य लाभले. १९५५ मध्ये रेडिचची रॉयल एन्फील्ड आणि मद्रास मोटर्स यांनी एकत्र येऊन एन्फील्ड इंडिया उभी केली. तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. मूळची ब्रिटिश कंपनी १९७० मध्ये संपली, बुलेट येथे चालूच राहिली. टाकीवरच्या सोनेरी रेघाही येथे दीर्घकाळ हातानेच ओढल्या गेल्या. अर्ध्या शतकाहून अधिक काळ जवळपास तेच यंत्र टिकल्याने, एकाच्या हाताखाली दुसरा शिकत गेला.

येथे इतिहासकाराची पंचाईत होते. विलायतेत या कामाची छापील पुस्तके निघाली. आकृत्यांसह, बोल्टांच्या क्रमांकांसह. आमच्याकडे ज्यांच्या हातांत ही विद्या होती, त्यांनी ती लिहिली नाही; आणि ज्यांना लिहिता येत होते, ते टाकी उतरेपर्यंत बाकड्यावर बसून चहा पीत होते. रॉबर्ट पर्सिग यांचे मोटारसायकलच्या देखभालीवरचे प्रसिद्ध पुस्तक १९७४ मध्ये आले. ते आमच्या साहित्यवर्तुळात कौतुकाने वाचले जाते, तेव्हा एक फरक विसरला जातो: त्यातला लेखक आपली गाडी स्वतः उघडतो. आमच्याकडे उघडणारा आणि लिहिणारा हे दोघे वेगळे, आणि त्या दोघांमधले अंतर केवळ शिक्षणाचे नव्हते. गॅरेजमधल्या मराठीचा कोश झाला नाही, याचे कारण आमच्या मते हेच आहे. भाषेच्या दारिद्र्याची तक्रार करणाऱ्यांनी आधी या बाकड्याकडे पाहावे. असो.

१ एप्रिल २०२० पासून भारतात उत्सर्जनाचे सहाव्या टप्प्याचे नियम लागू झाले. नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि टाकीच्या पोटात विजेचा पंप आला. आता पेट्रोल आपल्या वजनाने उतरत नाही; साधारण ३ बार दाबाने ढकलले जाते. टाकी काढायची तर आधी दाब उतरवायचा, तारांची जोडणी सोडवायची, नळीची खास कडी उघडायची. काम अशक्य नाही, पण रस्त्याकडेच्या पोराच्या हातून ते हळूहळू कंपनीच्या केंद्रात आणि तिथल्या संगणकाकडे चालले आहे. हवा स्वच्छ व्हावी याला आमचा विरोध नाही. पण ही विद्या कागदावर येण्याआधीच जात आहे, आणि तिला दुसरे साधन नाही.

रूप मात्र टिकले. जाते गेले तरी ओवीची लय उरली, तसेच हे. होंडाच्या १९७५ च्या 'गोल्ड विंग'मध्ये खरी टाकी सीटखाली होती आणि नेहमीच्या जागी टाकीसारखे दिसणारे पोकळ झाकण. स्वाराला गुडघ्यांत काहीतरी धरायला हवे असते, आणि डोळ्यांनाही सवय असते. विजेवर चालणाऱ्या काही मोटारसायकलींवरही हा आकार दिसतो. पेट्रोलचा थेंब नसताना.

नव्या गाड्यांवर कॉक नाही, त्यामुळे तो फिरवून 'रिझर्व्ह'ला लावण्याची वेळही येत नाही. 'आज मी रिझर्व्हवर आहे' असे मात्र आमचे विद्यार्थी अजून म्हणतात. त्याचा अर्थ विचारला, तर ते मीटरवर पेटणाऱ्या दिव्याविषयी सांगतात.