चाचणीतील व्यवहार-रोलबॅक

चाचणीतील व्यवहार-रोलबॅक ही डेटाबेस वापरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीची एक पद्धत आहे. या पद्धतीत प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजेच व्यवहारात, चालवली जाते व शेवटी तो व्यवहार कायम न करता मागे घेतला जातो. त्यामुळे पुढील चाचणीला डेटाबेसमधील नोंदी पूर्वस्थितीत मिळतात. व्यवहार पूर्णपणे घडावा अथवा मुळीच घडू नये, या अविभाज्यतेच्या गुणधर्मावर ही पद्धत आधारलेली आहे. अविभाज्यतेसह चार गुणधर्मांसाठी 'ॲसिड' ही संज्ञा थिओ हेर्डर व आंद्रेयास रॉयटर यांनी १९८३ मध्ये मांडली.

पालक व अपत्य नोंदी

अपत्य नोंद फॉरेन कीद्वारे पालक नोंदीशी जोडलेली असते. उदाहरणार्थ, जिल्हा ही पालक नोंद, तर तालुका ही अपत्य नोंद मानता येते. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. त्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. असे विभाजन नोंदवताना प्रथम वाशिम जिल्ह्याची नोंद करावी लागते व नंतर सहाही तालुक्यांचा जिल्हा-क्रमांक बदलावा लागतो. चौथ्या तालुक्यापाशी त्रुटी आल्यास व्यवहाराअभावी तीन तालुके वाशिममध्ये व तीन अकोल्यातच राहतील. रोलबॅक केल्यास सर्व तालुके अकोल्याकडे परततात आणि वाशिमची नोंदही नाहीशी होते.

सेव्हपॉइंट

तालुके असलेला जिल्हा काढून टाकण्यास डेटाबेसने नकार द्यावा, हे तपासताना त्रुटी अपेक्षितच असते. मात्र पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्रुटीनंतर त्या व्यवहारातील पुढील आज्ञा नाकारल्या जातात. म्हणून त्या आज्ञेपूर्वी सेव्हपॉइंट नोंदवून केवळ तेथपर्यंत मागे जाता येते.

मर्यादा

* फॉरेन कीची तपासणी व्यवहाराच्या अखेरीपर्यंत लांबवलेली असल्यास रोलबॅकमुळे ती होतच नाही आणि सदोष चाचणीही यशस्वी ठरू शकते. अशा वेळी रोलबॅकपूर्वी तपासणी सक्तीने करून घ्यावी लागते.
* पोस्टग्रेएसक्यूएलमधील अनुक्रमांक रोलबॅकने मागे येत नाहीत. त्यामुळे चाचणीत ठरावीक क्रमांक गृहीत धरणे चुकीचे ठरते.
* मायएसक्यूएलमध्ये सारणीची रचना बदलणाऱ्या बहुतेक आज्ञा चालू व्यवहार आपोआप कायम करतात.
* दुसऱ्या जोडणीला कायम न झालेली पालक नोंद सामान्यतः दिसत नाही.
* प्रोग्रॅमच्या स्मृतीतील वस्तू रोलबॅकनंतरही जुना क्रमांक बाळगू शकते. त्या क्रमांकाने अपत्य नोंद जोडू पाहिल्यास फॉरेन कीची त्रुटी येते.