अंजनेरी

अंजनेरी : नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील डोंगरपायथ्याचे गाव व त्याच नावाचा गिरिदुर्ग. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे 20 किमी. गडाची उंची सुमारे 1,300 मी. महादेव कोळी, कोकणा, ठाकर यांच्या या मुलुखात भात, नागली व वरई पिकते. हिंदू आणि जैन या दोन्ही परंपरांचे अवशेष इथे एकाच डोंगरावर व एकाच शिवारात आढळतात. गावाचे खरे महत्त्व त्यात आहे.

गावाजवळून मिळालेले भोगशक्ती या हरिश्चंद्रवंशीय राजाचे ताम्रपट वा. वि. मिराशी यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकावर कलचुरी संवत 461, म्हणजे इसवी सन 710 च्या सुमाराचा काळ आहे. ओसाड पडलेले नगर पुन्हा वसवून तिथल्या व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याची हकीकत या ताम्रपटांत येते. या भागात देवाइतकाच बाजारही जुना आहे, हे त्यावरून कळते.

पुढे यादवकाळात पायथ्याशी मंदिरांचा मोठा समूह उभा राहिला. त्यांतील 16 मंदिरांचे भग्नावशेष आज ओळखता येतात. बहुतेक जैन आहेत, काही हिंदू. एका जैन मंदिरातील शके 1063 चा संस्कृत शिलालेख यादव राजा सेउणचंद्र (तिसरा) याच्या काळचा असून, आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याचे त्यात नोंदले आहे. दुकानांच्या उत्पन्नावर देवाची पूजाअर्चा चालणारे हे गाव त्या काळी चांगलेच नांदते असले पाहिजे. याच अवशेषांत गणपतीच्या मूर्ती व शिवलिंगेही आहेत. गडाच्या वाटेवर जैन लेणे असून त्यात पार्श्वनाथाची प्रतिमा कोरलेली आहे. पायऱ्या चढणारे बहुतेक भाविक मात्र अंजनीमातेच्या दर्शनाला निघालेले असतात.

हनुमानाचा जन्म याच डोंगरावर झाला, अशी दृढ श्रद्धा आहे. पठारावर व माथ्यावर अंजनीमातेची मंदिरे आहेत आणि पठारावरचे तळे मारुतीच्या पावलाने उमटले असे सांगतात. कर्नाटकातील अंजनाद्री व आंध्रातील तिरुमला यांचाही जन्मस्थानाचा दावा आहे. त्यावर 2022 मध्ये नाशिकला सभा भरली होती. या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही अशी एक गोष्ट आहे. अंजना जैनांचीही आहे. विमलसूरीच्या महाराष्ट्री प्राकृतातील ‘पउमचरियं’मध्ये घराबाहेर काढलेली अंजना डोंगरातल्या गुहेत हनुमानाला जन्म देते. जैन परंपरेनुसार हनुमानाला मोक्ष मिळाला तो तुंगीगिरीवर, म्हणजे याच जिल्ह्याच्या बागलाणातील मांगी-तुंगीला. हिंदूंचे जन्मस्थान आणि जैनांचे मोक्षस्थान एकाच जिल्ह्यात असावे, ही नाशिकची मोठीच मिळकत म्हटली पाहिजे.

पेशवाईत रघुनाथरावांचा उन्हाळ्यातला मुक्काम इथे असे. इंग्रजी अमदानीत नाशिकचे युरोपीय रहिवासी हवापालटासाठी गडावर येत. 1980 मध्ये स्थापन झालेली, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त व के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराची नाणेशास्त्र संशोधन संस्था गावाजवळच आहे.

गडाचे पठार वनस्पतींसाठीही प्रसिद्ध आहे. कंदीलपुष्पाच्या कुळातील ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या प्रजातीची शास्त्रीय नोंद 2006 मध्ये झाली आणि तिला डोंगराचेच नाव मिळाले. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. 2017 मध्ये येथील 5.69 चौ. किमी. क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. गडावर मोटाररस्ता नेण्याच्या प्रस्तावाला निसर्गप्रेमींनी कसून विरोध केला आणि तो रास्तच होता, कारण ही फुले पठारावरच्या मातीच्या पातळ थरात उगवतात. पायथ्याच्या कोरीव दगडांसाठी अशी जागरूकता अजून दिसत नाही. गडावर गर्दी असते त्या दिवशीही या मंदिरांकडे फारच थोडे लोक वळतात.