प्रीमियर पद्मिनी : विद्युत व ‘स्लो’च्या दोषांचे निदान

कार्बोरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारगाडीतील विद्युत बिघाड व इंजिन मंद गतीवर नीट न चालणे, हे दोष ओळखण्याची पद्धत. मंद गतीला गॅरेजात ‘स्लो’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाची तक्रारही ‘गाडी स्लोवर उभी राहत नाही’ अशीच असते. मुंबईत या विद्येचा सर्वाधिक सराव प्रीमियर पद्मिनीवर झाला, म्हणून येथे तीच गाडी प्रमाण धरली आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून येथे बनू लागली. १९७० च्या दशकात तिचे नाव आधी ‘प्रेसिडेंट’ व मग ‘पद्मिनी’ झाले. टॅक्सीवाले शेवटपर्यंत तिला ‘फियाट’च म्हणत राहिले. चार सिलिंडरांचे १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे इंजिन आणि १२ व्होल्टची विद्युत योजना ही तिची मुख्य अंगे. संगणकाचा कोठे पत्ता नाही. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून उतरल्या. खाजगी मालकीच्या काही पद्मिनी मात्र अजून चालतात. कुर्ल्याहून रेल्वेच्या हार्बर मार्गाने टिळकनगर, चेंबूर आणि मग गोवंडी, एवढेच अंतर. त्यामुळे जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठणे या भागातल्या मिस्त्रीला कधी लांब पडले नाही.

कामाची वाटणी अशी की करंटचे काम इलेक्ट्रिशियन पाहतो आणि स्लोचे काम मिस्त्री. गाडी मात्र ही वाटणी मानत नाही. मंद गतीवर कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, सिलिंडरात मिश्रण थोडे जाते आणि एक ठिणगी चुकली तरी ती कसर भरून काढण्याइतका वेग इंजिनाकडे नसतो. पळत्या गाडीत खपून जाणारी अशक्त ठिणगी सिग्नलला उघडी पडते ती यामुळे.

त्यात डायनामोची भर. अल्टरनेटर येण्यापूर्वीच्या गाड्यांत डायनामो मंद गतीवर जवळपास काहीच देत नाही. त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी झाला की कट-आउट उघडतो, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. पावसाळी रात्री घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर गाडी तुंबलेल्या रांगेत उभी आहे असे धरू. ४५ वॅटचे दोन हेडलाइट व मागचे दिवे मिळून आठ-नऊ अँपिअर, इग्निशन कॉइल तीन-चार आणि वायपर दोन-तीन, म्हणजे पंधरा अँपिअरच्या आसपास खर्च आणि जमा शून्य. हळूहळू बॅटरीचा दाब इतका उतरतो की दिवे पिवळे पडतात, कॉइल ढिली पडते आणि इंजिन अडखळू लागते. मालक सांगतो, स्लो बिघडला. खरे म्हणजे स्लोला काही झालेले नसते. डायनामोच्या गाडीत स्लोवर लाल दिवा लुकलुकणे हा दोष नव्हे. गती वाढवूनही तो विझला नाही, तर मात्र कार्बन, पट्टा आणि कट-आउट पाहावेत.

म्हणून तपासणी बॅटरीपासून सुरू करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ (स्टार्टर) मारताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली गेला, तर बॅटरी तरी गेली किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. इंजिन वेगात असताना चौदाच्या आसपास व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक समजावे.

यानंतर अर्थ, म्हणजे अर्थिंग. दुर्लक्ष सर्वाधिक होते ते याच ठिकाणी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे सेल्फचा शंभराहून अधिक अँपिअरचा करंट बॅटरीकडे परततो तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या विणीव पट्टीतून. खाडीकडून येणाऱ्या खारट, दमट हवेत ही पट्टी आतून हिरवी पडते. वरून ती धडधाकट दिसते. मग करंट दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारून लगेच चोकच्या केबलला हात लावून पाहावा. ती गरम लागली तर करंट तिच्यातूनच परततो आहे. मल्टिमीटरची एक टोचणी इंजिनच्या धातूवर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून सेल्फ मारला आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर पट्टी बदलावी. हॉर्न दाबला की इंडिकेटर मंद होणे किंवा ब्रेक लावला की दुसरेच दिवे लागणे, असल्या भुताटकीमागेही बहुधा खराब अर्थच असतो. फियाटचे गोळीच्या आकाराचे फ्यूज हा याच जातीचा दोष: फ्यूज शाबूत, पण टोकांवर गंज. बोटाने फिरवले की वायपर चार दिवस चालतो. पॉलिश पेपरने टोके आणि क्लिपा घासणे हा खरा उपाय.

ठिणगीच्या बाजूला पहिला संशय पॉइंटवर घ्यावा. पॉइंटमधील अंतर फीलर गेजने साधारण ०.४ ते ०.५ मिमी. ठेवतात. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, अंतर मिटत जाते आणि त्याबरोबर टायमिंग मागे सरकते. इंजिन मरगळते, स्लो उतरतो आणि कुणीतरी स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आवळून देतो. स्क्रू वरच आहे, फिरवायला सोपा आहे, म्हणून आधी तोच फिरतो. मूळ दोष झाकला जातो आणि पेट्रोल जास्त जळू लागते. पॉइंट नव्याने लावला की टायमिंग पुन्हा तपासणे अटळ आहे. पॉइंट वारंवार जळून काळे-निळे पडत असतील, तर कंडेन्सर बदलावा. गाडी ‘मिस’ मारत असेल, तर इंजिन चालू ठेवून पकडीने एकेक प्लगची वायर काढावी. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. वायरी बसवताना क्रम चुकू नये, तो १-३-४-२ असा आहे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाला केसासारखी चीर गेलेली असते. ती दिवसा दिसत नाही, अंधारात बॉनेट उघडून पाहिले की निळ्या ठिणग्या पळताना दिसतात.

एवढे झाल्यावर कार्बोरेटर. चोक ओढला की इंजिन चालते आणि सोडला की बंद पडते, याचा अर्थ मंद गतीवर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पेट्रोल कमी असेल तर स्लो जेट तुंबलेला असतो; तो काढून हवेने फुंकावा, तार घालू नये, कारण तारेने छिद्र मोठे होते. हवा जास्त असेल तर कार्बोरेटरखालचे पॅकिंग किंवा थ्रॉटलच्या दांडीचा झिजलेला बुश हवा ओढतो. दांडी बोटाने हलवून पाहिली की झीज कळते, आणि असा कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी स्लो टिकत नाही. उलट प्लग काजळीने काळे असतील, तर फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह पाहावेत. मे महिन्यात तापलेली गाडी सिग्नलला बंद पडून थंड झाल्यावर चालू होते, तो दोष बहुधा पंपातल्या पेट्रोलची वाफ होण्याचा. पेट्रोल ओढणाऱ्या या ‘एसी पंपा’वर ओले फडके ठेवण्याची टॅक्सीवाल्यांची पद्धत त्यावरच निघाली. पीयूसीची चाचणीही मंद गतीवरच होते आणि जुन्या पेट्रोल गाड्यांना तीत ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे, त्यामुळे स्क्रू आवळून आलेली गाडी तेथे सापडते.

सीएनजीवर नेलेल्या गाड्यांत निदान आणखी कडक होते. वायू पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर चालून जाणारी जुनी कॉइल किंवा प्लगची वायर गॅसवर लगेच मिस मारते. पेट्रोलवर स्लो चांगला आणि गॅसवर वाईट असेल, तरीही आधी ठिणगीच तपासावी, गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरला हात नंतर लावावा.

इथेनॉलच्या २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपावर मिळू लागल्यापासून एक नवी भानगड उभी राहिली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते आणि त्याचा परिणाम सर्वांत आधी स्लोवर दिसतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम त्यात फुगतात, सुटतात. त्यांचे काळे कण थेट स्लो जेटमध्ये जाऊन बसतात. अशा गाडीत जेट वरचेवर तुंबत असेल, तर जेट साफ करत बसण्याऐवजी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घालाव्यात.