निशिजिन : क्योतोमधली मागांची पेठ

क्योतो शहराच्या वायव्येला, होरिकावा रस्त्यापासून पश्चिमेकडे पसरलेली निशिजिन ही जपानमधली रेशमी विणकामाची सर्वांत नामांकित वस्ती आहे. या नावाचा वॉर्ड किंवा प्रभाग सरकारी नकाशावर नाही. शेकडो गल्ल्या आणि त्यांतली विणकरांची घरे मिळून जो परिसर बनतो, त्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या निशिजिन म्हणत आले आहेत. किमोनोवर बांधायचा ‘ओबी’ हा रुंद जरीपट्टा ही इथली खासियत. पारंपरिक कारागिरी पाहण्यासाठी मार्गदर्शकाबरोबर क्योतो पायी फिरणाऱ्यांना हमखास इथे आणले जाते आणि हजार वर्षांची अखंड परंपरा म्हणून हे विणकाम दाखवले जाते. त्यातला ‘अखंड’ हा शब्द मात्र इतिहासाला धरून नाही. ही पेठ अनेकदा उद्ध्वस्त झाली आणि बहुतेक वेळा बाहेरून शिकलेल्या विद्येवर पुन्हा उभी राहिली.

या खोऱ्यात रेशीम आणले तेच मुळी बाहेरच्या लोकांनी. कोरियन द्वीपकल्पातून आलेले हाता नावाचे घराणे पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या क्योतोच्या पश्चिम भागात, उझुमासा परिसरात स्थायिक झाले. रेशमाचे किडे पाळण्याची आणि विणण्याची कला त्यांनी इथे रुजवली. उझुमासातले एक देऊळ आजही ‘रेशीमकिड्यांचे देऊळ’ म्हणून ओळखले जाते. 794 मध्ये सम्राटाने राजधानी या खोऱ्यात हलवली, तेव्हा दरबाराच्या कापडासाठी ‘ओरिबे नो त्सुकासा’ हे विणकाम खाते कोषागाराच्या अखत्यारीत चालत होते. दरबाराची ताकद ओसरली तसे हे खाते मोडकळीला आले. पगारी विणकर बाहेर पडले, शेजारच्या ओतोनेरी नावाच्या वस्तीत त्यांनी स्वतःचे माग मांडले आणि सरदार, मठ व मंदिरांसाठी ते कापड विणू लागले. सरकारी कारखान्याची खासगी पेठ झाली ती अशी.

1467 मध्ये क्योतोत ओनिन युद्ध पेटले. शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, वारसाहक्कावरून दोन बडे सरदार भिडले आणि पुढची दहा वर्षे राजधानीच्या रस्त्यांवरच लढाई चालली. होसोकावा कात्सुमोतोचा तळ पूर्वेला होता, यामाना सोझेनचा पश्चिमेला. निशिजिन म्हणजे हा पश्चिमेचा तळ. सोझेनच्या वाड्याच्या जागी आज दगडी खूण आहे आणि आसपासच्या मोहल्ल्याला यामानाचे नाव आहे. शहराचा बराच भाग जळाला आणि विणकर जीव वाचवून पांगले. त्यांतले पुष्कळजण साकाई या बंदरात गेले. साकाईचा व्यापार मिंग राजवटीतल्या चीनशी होता, त्यामुळे चिनी कापड आणि ते विणण्याच्या पद्धती तिथे गेलेल्या विणकरांना जवळून पाहता आल्या. 1477 मध्ये युद्ध थांबल्यावर ते परतले आणि पश्चिमेच्या तळाच्या ओसाड जागेत त्यांनी माग उभे केले. युद्ध ज्या दिवशी संपले असे मानतात, तो 11 नोव्हेंबर आता ‘निशिजिनचा दिवस’ म्हणून साजरा होतो.

परतलेल्यांमध्ये लगेच भांडणे जुंपली. ओतोनेरी विणकरांची संघटना आणि नेरिनुकी हे साधे रेशीम विणणाऱ्यांची संघटना यांच्यात कोणी काय विणायचे यावरून वाद झाला. 1513 मध्ये शोगुनच्या सरकारने नक्षीदार कापड विणण्याचा हक्क ओतोनेरी विणकरांना दिला. पुढे जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आश्रयाने या पेठेला बरे दिवस आले आणि जरीकाम, किनखाब, मखमल असे प्रकार तिच्या मागांवर आले.

नक्षीचे कापड ‘सोराबिकी’ नावाच्या उंच मागावर विणले जाई. त्याला दोन माणसे लागत. विणकर खाली बसून धोटा टाकी आणि दुसरा माणूस मागाच्या माथ्यावर बसून नक्षीला हवे तेवढेच ताण्याचे धागे दोऱ्यांनी वर ओढी. खालचा आणि वरचा यांची लय चुकली की फूल बिघडले. सूत आधी रंगवायचे आणि नक्षी विणतानाच उमटवायची, हे निशिजिनच्या कामाचे मूळ सूत्र आहे. विणून झालेल्या कापडावर चित्र रंगवणारी युझेन ही क्योतोची दुसरी प्रसिद्ध कला. ती याच्या नेमकी उलट.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून, क्योतोची सत्ता गेली तरी विणकाम वाढत राहिले. उत्तम सूत तेव्हाही चिनी असे आणि ते नागासाकी बंदरातून येई. बाहेर जाणाऱ्या चांदीची धास्ती घेऊन शोगुनशाहीने 1685 मध्ये परदेशी व्यापारावर मर्यादा घातली आणि विणकरांना देशी रेशमाकडे वळावे लागले. भरभराटीच्या काळात ही पेठ सुमारे 160 मोहल्ल्यांत पसरली होती. ओमिया आणि इमादेगावा हे रस्ते मिळतात त्या चौकाला ‘हजार र्योंचा चौक’ म्हणत, कारण एका दिवसात हजार र्यो किमतीचे रेशीम तिथून इकडून तिकडे जाते अशी ख्याती होती. र्यो हे सोन्याचे नाणे. नावात थोडी फुशारकी असेलही, पण घाऊक सूतव्यापाऱ्यांची दुकाने खरोखरच याच चौकाच्या आसपास होती.

एवढ्या कापडामागे मोठा कारखाना मात्र नव्हता. निशिजिनचे काम वीसेक टप्प्यांत वाटलेले असते आणि प्रत्येक टप्प्याचे घर वेगळे. कोणी नक्षी काढतो, कोणी ती चौकटीच्या कागदावर एकेका धाग्याच्या हिशेबाने उतरवतो. कोणी सुताला पीळ देतो, कोणी रंगवतो, तर कोणी ताणा मांडतो. सोनेरी वर्खाचे काम हा स्वतंत्र धंदाच आहे. जपानी कागदावर लाखेच्या लेपाने वर्ख चिकटवायचा, मग त्या कागदाच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि विणकराने त्या एकेक करून बाण्यात घालायच्या. या सगळ्यांना बांधून ठेवतो तो ‘ओरिमोतो’. तो भांडवल घालतो, नक्षी ठरवतो, सूत पुरवतो आणि तयार माल मुरोमाची रस्त्यावरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे पोचवतो. विणकर बहुधा आपल्याच घरात मजुरीवर विणतो आणि पुष्कळ घरांत नवराबायको दोघेही मागावर बसत. मजुरी नगावर मिळत असल्याने मंदीचा पहिला फटका नेहमी त्याच्याच घराला बसला. सौंदर्याच्या गप्पांत ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

घरांची बांधणीही याच कामाने ठरवली. क्योतोची जुनी लाकडी घरे रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब असतात. विणकराच्या घरात राहण्याच्या खोल्या पुढे आणि माग मागच्या भागात. तिथे माळा न घालता छत थेट कौलांपर्यंत उंच ठेवलेले असे, कारण मागाचा सांगाडा उंच असतो. माग मातीच्या जमिनीवर, थोडा खड्डा करून बसवत, म्हणजे ओलावा टिकतो आणि रेशमाचा धागा कोरडा पडून तुटत नाही. सूतव्यापाऱ्याच्या घराच्या दर्शनी लाकडी जाळीतल्या काही पट्ट्या वरच्या भागात कापलेल्या असतात. रंगांची पारख करायला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून ही सोय. जाणकार माणूस नुसत्या जाळीवरून आत कोणता धंदा चाले ते ओळखतो.

1730 मध्ये या पेठेत मोठी आग लागली. सात हजारांहून अधिक मागांपैकी तीन हजारांवर माग जळाले. काम बंद पडले आणि कारागीर इतर प्रांतांत गेले. क्योतोची विद्या त्याआधीच बाहेर झिरपू लागली होती. 1720 मध्ये तांगो प्रांतातल्या किनुया साहेइजीने निशिजिनमध्ये राहून चुरगळीच्या रेशमाचे, म्हणजे ‘चिरिमेन’चे, तंत्र शिकून घेतले आणि गावी जाऊन ते सुरू केले. 1738 च्या सुमारास क्योतोच्या विणकरांनी उंच मागाची पद्धत पूर्वेकडच्या किर्यूला नेली. ही केंद्रे थोड्याच काळात स्वस्त माल बाजारात आणू लागली. निशिजिनने सरकारकडे तक्रारी केल्या, पण बाहेर गेलेली विद्या परत येणार कशी? 1788 च्या आगीत पुन्हा बहुतेक शहर भस्मसात झाले. 1840 च्या दशकात शोगुनशाहीने चैनीच्या कपड्यांवर बंदी घातली तेव्हा मागणीच आटली.

सर्वांत मोठा धक्का पुढेच होता. 1869 मध्ये सम्राट तोक्योला गेला. त्याच्यामागे दरबार गेला, सरदार गेले आणि भारी कापडाचे गिऱ्हाईकही गेले. क्योतोच्या प्रशासनाने यावर काढलेला मार्ग धाडसी होता. 1872 च्या अखेरीस साकुरा त्सुनेशिची, इनोउए इहेई आणि योशिदा चुशिची या तिघांना फ्रान्समधल्या लियाँ शहरी पाठवले गेले. लियाँ हे युरोपातल्या रेशमाचे केंद्र, आणि जोसेफ मारी जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपले यंत्र तिथेच घडवले होते. त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि कोणते धागे वर उचलायचे ते भोकांनी ठरते. मागाच्या माथ्यावर बसणाऱ्या माणसाची गरज संपते. सोलापूरच्या चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डने उमटते, ते मूळ हेच. साकुरा आणि इनोउए 1873 मध्ये यंत्रे घेऊन परतले. योशिदा अधिक शिकण्यासाठी मागे थांबला. मार्च 1874 मध्ये परतताना त्याचे ‘नील’ हे फ्रेंच जहाज इझू द्वीपकल्पाजवळ बुडाले आणि त्यात त्याचा अंत झाला. व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातून परत येणाऱ्या जपानी वस्तूही त्याच जहाजावर होत्या.

परदेशी यंत्रे महाग होती. निशिजिनमधल्या अराकी कोहेईने जॅकार्डची लाकडी नक्कल बनवली आणि 1877 च्या तोक्योतल्या राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनात ती मांडली. लाकडात काम करणारे कारागीर गल्लोगल्ली असल्याने हे यंत्र पुढे झपाट्याने पसरले. आज ‘पारंपरिक निशिजिन’ म्हणून जे कापड नावाजले जाते, त्यातले बहुतेक या फ्रेंच यंत्राच्या वंशजावरच विणलेले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. हाता घराण्याचे रेशीम आणि मिंग चीनची नक्षी ज्या रीतीने इथली झाली, त्याच रीतीने लियाँचे पुठ्ठेही झाले.

निशिजिनमधले विणकाम व्यावसायिक, दुसरे कावाशिमा जिंबेई, यांनी हीच वाट पुढे नेली. 1886 मध्ये युरोपात जाऊन त्यांनी भिंतीवर टांगायच्या गोब्लाँ पडद्यांचे काम पाहिले आणि परतल्यावर निशिजिनच्या ‘त्सुझुरे’ विणीत तशा भव्य चित्रांचे पडदे विणवले. त्सुझुरेमध्ये नक्षीचा रंगीत बाणा कापडाच्या पूर्ण रुंदीत जात नाही, आपापल्या आकृतीपुरताच फिरतो. पैठणीच्या पदराचे तत्त्वही हेच. जपानी विणकर मात्र बाणा नखांनी दाबतो आणि त्यासाठी बोटांच्या नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतो. नाजूक नक्षी असेल तर दिवसभरात जेमतेम काही सेंटिमीटर काम होते.

परदेशी कापडाशी क्योतोची ओळख त्याआधीचीही आहे. जुलैमध्ये निघणाऱ्या गिओन उत्सवाच्या रथांवर निशिजिनच्या कापडांशेजारी सोळाव्या शतकातले फ्लेमिश पडदे आणि भारतातले गालिचे झळकतात. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आलेल्या त्या गालिच्यांपैकी काही दख्खनमध्ये विणलेले असावेत, असे अभ्यासक मानतात.

विसाव्या शतकात विजेचे माग आले. कोरिया जपानची वसाहत असताना तिथून आलेले अनेक मजूर इथल्या मागांवर, विशेषतः मखमलीच्या कामात, राबले. जुलै 1940 मध्ये युद्धकालीन सरकारने चैनीच्या वस्तूंचे उत्पादन रोखले आणि पेठ जवळजवळ थांबली. युद्धानंतर मागणी परतली, पण क्योतोत माणसे मिळेनात. म्हणून ओरिमोतोंनी विणकाम तांगोकडे द्यायला सुरुवात केली. एकेकाळी ज्या प्रांताने विद्या नेली म्हणून निशिजिन चिडले होते, त्याच प्रांतात आज निशिजिनचे बरेचसे ओबी विणले जातात. 1974 मध्ये पारंपरिक कारागिरीला आधार देणारा कायदा झाला आणि 1976 मध्ये निशिजिनच्या बारा विणींना त्याखाली मान्यता मिळाली. पुढे पुठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली. किमोनो मात्र रोजच्या वापरातून जाऊन लग्नसमारंभापुरता उरला, आणि 1990 नंतर धंदा फार घटला.

आज ही पेठ पायी पाहायची तर सुरुवात इमादेगावा रस्त्यावरच्या 1914 च्या जुन्या वस्त्रभवनापासून करणे सोयीचे. वास्तुकार मोतोनो सेइगोने आराखडा केलेल्या या इमारतीत आता शहराचे पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि दारात निशिजिनचा शिलालेख. तिथून हजार र्योंचा चौक जवळच. उत्तरेला ओरिनासुकान आहे. 1936 मध्ये एका ओबी व्यावसायिकाने बांधलेल्या या घरात 1989 पासून संग्रहालय आहे. आणखी उत्तरेला इमामिया देवळाच्या आवारात विणकामाच्या देवीचे छोटे देऊळ असून विणकर तिला मानतात. पाचवा तोकुगावा शोगुन त्सुनायोशी याची आई केइशोइन निशिजिनच्या भाजीवाल्याची मुलगी होती, अशी कथा आहे. इमामियाच्या जीर्णोद्धाराला तिने मदत केली.

या फेरीत ओबी सगळे पाहतात, अवजारांकडे फारसे कोणी पाहत नाही. धोटा, फणी, नक्षीचा कागद, वर्खाची पट्टी यांतले प्रत्येक काम वेगळ्या घराचे होते आणि त्यांतली बरीच घरे आता बंद झाली आहेत. धोटे बनवणारे तर इतके कमी उरले की जपान सरकारने त्या कामाची जतन करण्याजोग्या तंत्रांत नोंद केली. निशिजिनचा खरा धोका इथे आहे. विणकर नवा तयार करता येतो, नक्षी संगणकात साठवता येते, पण या वीसेक घरांपैकी एक जरी बंद पडले तरी पुढचे सगळे टप्पे अडतात. म्हणून तिथे जाणाऱ्याने रविवार टाळून कामाच्या दिवशी जावे आणि दुकानांआधी मागच्या गल्ल्या पाहाव्यात.